कंपनीनं दिलेला पट्टा

वाळूजला ज्या कारखान्यात मी नर्स आहे, तिथं गाड्यांना लागणारे रबराचे भाग तयार होतात. मला तिथं सतरा वर्षं झाली. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला सिक्युरिटीची केबिन आणि तिच्या पलीकडं हिरव्या दाराची एक खोली. पाटीवर 'प्रथमोपचार कक्ष' असं लिहिलंय, पण सगळे 'सिस्टरची रूम' म्हणतात. आत एक पलंग, बीपीचं मशीन, वजनकाटा, ड्रेसिंगचं सामान आणि एक लोखंडी कपाट. कपाटात माझं रजिस्टर असतं. कोण आलं, काय होत होतं, काय दिलं, ते मी त्यात हातानं लिहिते आणि कपाटाला कुलूप लावते.

माझ्याकडं येणारी माणसं दार उघडं असताना एक सांगतात आणि दार लावल्यावर दुसरंच. बोट कापलंय म्हणून आलेला माणूस पट्टी बांधून होईपर्यंत गप्प असतो आणि उठता उठता म्हणतो, "सिस्टर, अजून एक विचारायचं होतं." मग कुणाला मूळव्याध असते, कुणाला फिट येऊन गेलेली असते, कुणाला लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नसतं. आठवड्यातून दोनदा येणारे आमचे डॉक्टर आता सत्तरीच्या घरात आहेत. मी नवीन होते तेव्हा ते मला म्हणाले होते, "इथं जे ऐकाल ते इथंच ठेवा. एकदा जरी बाहेर गेलं ना, तर उद्यापासून या खोलीत फक्त कापलेली बोटं येतील." ते मी पाळलं. माझे मिस्टर शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांनाही मी कधी कारखान्यातल्या कुणाचं दुखणं सांगितलं नाही. तेही विचारत नाहीत. आमच्या घरी संध्याकाळी भाजी, पाणी आणि शेजारचं बांधकाम एवढ्यावरच बोलणं होतं आणि ते आम्हाला पुरतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत पट्टे आले.

एचआरला तेव्हा पुण्याहून एक नवीन साहेब आले होते. वयानं माझ्या भाच्याएवढे, बोलायला गोड, कामाला उत्साही. त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना जमवून मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली. मनगटावर बांधायचा काळा रबरी पट्टा, त्यावर छोटी काच. चाललेली पावलं, हृदयाचे ठोके, झोप, सगळं तो मोजतो. कंपनी प्रत्येकाला फुकट देणार. घालायची सक्ती नाही, पण सगळ्यांनी घातला तर बरं. फोनवर एक फॉर्म येईल, तो भरायचा. फॉर्म इंग्रजीत होता आणि लांब होता. खाली एक निळं बटण होतं. सगळ्यांनी ते दाबलं. मीही दाबलं, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचं त्यांच्या देखत मीच दाबून दिलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं मला त्याचं फार वाईट वाटलं.

पट्टे वाटायचं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं आलं. त्यासाठी मला एक टॅब मिळाला.

पहिले दोन महिने नुसती मजा होती. कँटीनच्या भिंतीवरच्या पडद्यावर रोज सकाळी नावं लागायची, कालच्या दिवसात सगळ्यात जास्त कोण चाललं त्याची. आम्हाला वाटलं होतं स्टोअरची पोरं पुढं असतील, दिवसभर त्यांची पळापळ असते. पण पहिल्या आठवड्यात पहिला नंबर आला कँटीनमध्ये भाकरी करणाऱ्या मावशींचा. त्या तर दिवसभर शेगडीपाशी एका जागी उभ्या. एचआरचे साहेब चक्रावून माझ्याकडं आले. आम्ही दोघं कँटीनमध्ये गेलो, तर मावशी भाकरी थापत होत्या आणि मनगटावरचा आकडा प्रत्येक थापेसरशी वाढत होता.

"मावशी, हा तुमच्या हाताला पाय समजतोय," मी म्हणाले.

"समजू द्या," त्या म्हणाल्या. "आजवर कोनी मोजलं व्हतं का माझं काम? ह्यो तरी मोजतोय."

त्यांचं नाव यादीतून काढायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. क्रेन चालवणारे चाचा मात्र कायम शेवटी असायचे. ते सगळा दिवस वर केबिनमध्ये बसून. एकदा गोळी घ्यायला आले तेव्हा कुरकुरले, "सिस्टर, ये घंटे घंटेकू बोलता, उठो, चलो. मैं उप्पर कां चलूं?" पण त्यांनीही जेवणाच्या सुट्टीत कंपाउंडच्या कडेनं फेऱ्या मारायला सुरुवात केली. मी स्वतः गारखेड्याला कंपनीच्या बसमधून घरापाशी न उतरता दोन थांबे आधी उतरायला लागले. वाटेत भाजी घ्यायची, ओळखीच्या बायकांशी दोन शब्द बोलायचे. मला ते चालणं आवडायला लागलं.

टॅबवर मात्र पावलांपेक्षा बरंच काही दिसायचं. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या दिवसाची रेघ उघडायची. कधी झोपला, कधी उठला, मध्ये किती वेळा जाग आली, ठोके कधी वाढले. मी रिकाम्या वेळात ते बघत बसायचे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, कुठं सहा दिवसांनी येतं, कुठं आठ. ज्या भागात पाणी आलं असेल तिथल्या लोकांच्या रेघा पहाटेच जाग्या व्हायच्या आणि ठोके वर जायचे, टाकी भरायची, बादल्या उचलायच्या म्हणून. महिनाभरात मला कुठल्या वस्तीत कधी पाणी आलं ते टॅबवरून सांगता यायला लागलं. मला त्याचं कौतुकच वाटायचं. आपण कुणाच्या तरी घरात डोकावतोय असं मनातही यायचं नाही.

आणि एक चांगलं काम झालंही. पॅकिंगमधल्या एका बाईचे ठोके बसल्या जागीही जास्त दिसत होते, एक-दोन दिवस नाही, तीन आठवडे. मी तिला बोलावून विचारलं. तिचं वजनही कमी झालं होतं, हात थरथरत होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर थायरॉईड निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि दिवाळीपर्यंत ती पहिल्यासारखी झाली. ती पेढे घेऊन आली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन मिस्टरांना म्हणाले, "या पट्ट्यानं आज एका बाईचं भलं केलं." कोणाचं आणि काय ते अर्थातच सांगितलं नाही.

मग एक दिवस मशीनच्या शेडमध्ये फोर्कलिफ्टवरून माल घसरला. फोर्कलिफ्ट म्हणजे माल उचलून नेणारी ती पुढं दोन लोखंडी दात असलेली गाडी. कुणाला लागलं नाही, पण दोन पेट्या फुटल्या आणि मोठा आवाज झाला. चालवणारा दुसऱ्या शिफ्टचा होता आणि पेटी नीट बांधलेली नव्हती, हे नंतर कळलं. पण त्या दिवशी एचआरचे साहेब माझ्या रूममध्ये आले ते एक कल्पना घेऊनच.

"सिस्टर, मशीनवर आणि फोर्कलिफ्टवर जे आहेत, त्यांची झोप बघा. सरासरी सहा तासांच्या खाली ज्यांची असेल त्यांची एक लिस्ट द्या. आपण त्यांना काही दिवस हलकं काम देऊ."

"म्हणजे मशीनवरून काढणार?"

"काढणार नाही, बदलणार. सेफ्टीसाठी. मीटिंगमध्ये दाखवायची आहे, सोमवारपर्यंत हवी."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. झोप न झालेला माणूस फोर्कलिफ्टवर बसू नये हे खरंच आहे. मी टॅब उघडला आणि यादी करायला घेतली. सगळ्यात वर नाव आलं ते फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका भाऊंचं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, बिडकीनहून मोटारसायकलवर येणारा, कामात चोख, बोलायला कमी. इतक्या वर्षांत माझ्याकडं तीनदा आला असेल. त्याची रेघ मी कधी नीट बघितली नव्हती. एका आठवड्यात झोप सरळ, रात्री दहा ते पहाटे पाच. पुढच्या आठवड्यात झोपेचे दोन तुकडे आणि मध्ये तीन-चार तास नुसती चाल. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा सरळ. असं महिनोन् महिने.

मला वाटलं, काहीतरी आजार आहे. नाहीतर घरात कुणी आजारी आहे. यादी देण्याआधी विचारावं म्हणून मी त्याला बोलावलं. तो आला, टोपी हातात धरून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितलं आणि दार लावलं.

"भाऊ, एक आठवडा आड तुमची झोप मोडते. काय त्रास आहे का?"

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं.

"ह्यात ते बी दिसतं व्हय?"

"दिसतं."

"तुमाला?"

"हो."

त्यानं पट्टा बाहीखाली सरकवला. मग म्हणाला, "आजार नाय सिस्टर. मोसंबी हाय. आमची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, दोन एकर ऱ्हायली, त्यात झाडं लावली. शेतीची लाईट एक हप्ता दिवसा असती, एक हप्ता राती. रातीच्या हप्त्यात पाणी द्यायला उठावंच लागतं. झाडं काय सुट्टी देत्यात का?"

मला हसू आलं. मी आजार शोधत होते आणि तिथं विजेचं वेळापत्रक होतं. तोही हसला. पण लगेच त्याचा चेहरा बदलला.

"हे कुनाला कळणार हाय का? न्हाय म्हंजे, मला गाडीवरून काढतील. बारा वरसं झाली, एक पेटी पडू दिली नाय मी."

"मी बघते," मी म्हणाले.  तो गेल्यावर मी यादीकडं बघत बसले. त्याचं नाव खोडलं तर ती अर्धवट होणार, ठेवलं तर त्याला विचारल्याचा अर्थ काय राहिला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काहीच ठरवलं नाही. शनिवारवर ढकललं.

शनिवारी दुपारी चहाच्या वेळी एचआरचे साहेब कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. आजूबाजूला दोन सुपरवायझर होते, शेगडीपाशी मावशी होत्या. साहेबांनी चहा घेतला आणि आपुलकीनं विचारलं, "सिस्टर, तुमची तब्येत बरी आहे ना? रात्री तीन-तीनदा उठताय. ठोकेही एकदम वाढतात तुमचे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली.

मला तेव्हा एक्कावन्नावं लागलं होतं. पाळी जाण्याचं वय. दीड वर्षापासून रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, घामानं गाऊन भिजायचा. मी उठून तोंड धुवायचे, पंख्याखाली बसायचे, पुन्हा पडायचे. मी नर्स आहे, मला सगळं कळत होतं. तरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, बहिणीला नाही. मिस्टरांना वाटायचं मला उकडतं. आणि इथं चहाच्या टेबलावर, दोन सुपरवायझरांसमोर, भाच्याच्या वयाचा मुलगा मला रात्री किती वेळा जाग येते ते सांगत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझ्या लॅपटॉपवर सगळ्यांचं येतं ना. सहज बघितलं. म्हटलं, आपली सिस्टरच आजारी पडली तर कसं?"

मला वाटत होतं ते सगळं फक्त माझ्या टॅबवर दिसतं. मी कपाटाला कुलूप लावत होते आणि शेजारी दुसरं कपाट सताड उघडं होतं. बरं, ते मीच लोकांच्या हाताला बांधलं होतं. मी "उन्हाळा आहे" असं काहीतरी बोलून उठले. रूममध्ये येऊन पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या साहेबांवर राग येत नव्हता, हे विशेष. ते काळजीनंच बोलले होते. मीही फोर्कलिफ्टवाल्या भाऊंना काळजीनंच विचारलं होतं. पॅकिंगमधल्या बाईला, आणि ज्यांच्या घरचं पाणी मी मोजत बसायचे त्या सगळ्यांना, मी काय बघते ते कळल्यावर कसं वाटलं असतं ते मला त्या अर्ध्या तासात समजलं.

घरी गेले तेव्हा मिस्टर अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. कुणाचं नाव न घेता कारखान्यातलं, आणि मग माझं स्वतःचं. माझं सांगायला जास्त वेळ लागला. त्यांनी नळी खाली ठेवली.

"दीड वर्ष?" ते म्हणाले. "आणि मी रोज पंख्याचा रेग्युलेटर फिरवतोय."

मग म्हणाले, "त्या पोराच्या आधी मला कळायला पाहिजे होतं."

"मी सांगितलं नाही म्हणून नाही कळलं."

"मग आता सांगितलंस ते बरं केलंस," असं म्हणून ते आत जाऊन चहा ठेवायला लागले. एवढंच. पण मला फार हलकं वाटलं.

सोमवारी सकाळी यादी न देता मी प्लँटच्या मोठ्या साहेबांकडं गेले. ते रिटायरमेंटला आलेले, शांत स्वभावाचे. महिन्यातून एकदा जेवणानंतर, आवारात गर्दी नसताना, ते माझ्या रूममध्ये येतात. का येतात ते मी इथंही लिहिणार नाही.

"बोला सिस्टर."

"साहेब, तुमचा पट्टा दिसत नाही हातात."

"ड्रॉवरमध्ये आहे." त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला. खोक्याचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

"का नाही घातला?"

"मला काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. तेवढं पुरे की. बाकीच्यांना कशाला..." एवढं बोलून ते थांबले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हेच सांगायला आले होते," मी म्हणाले.

मग मी त्यांना सांगितलं. यादीचं सांगितलं, माझ्या टॅबवर आणि एचआरच्या लॅपटॉपवर काय दिसतं ते सांगितलं, शनिवारच्या चहाचं सांगितलं. मला काय होतंय ते सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फोन करून एचआरच्या साहेबांना बोलावलं. ते लॅपटॉप घेऊन आले. मोठ्या साहेबांनी तो इंग्रजी फॉर्म उघडायला लावला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही माहिती भागीदारांना दिली जाऊ शकते, असं लिहिलंय. भागीदार म्हणजे कोण?"

एचआरच्या साहेबांनी फॉर्म वरखाली करून बघितला. "ते लिहिलेलं नाही, सर."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही, सर."

"दोनशे माणसांची झोप आपण कुणाला दिली ते आपल्याला माहीत नाही," मोठे साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. एचआरचे साहेब खाली बघत राहिले. मला त्यांची दया आली, कारण त्या दोनशेंपैकी निम्म्यांचं बटण तर मीच दाबलं होतं. तसं मी म्हणालेही.

यादी झाली नाही. पट्टे देणाऱ्या कंपनीशी महिनाभर पत्रव्यवहार चालला. शेवटी असं ठरलं की कारखान्याला फक्त पावलं दिसतील, तीही ज्याची इच्छा असेल त्याची. ठोके आणि झोप ज्याची त्याच्या फोनवर. आधीचं सगळं पुसून टाकायचं आणि तसं लिहून घ्यायचं. माझ्या टॅबवरच्या रेघा एका सकाळी नाहीशा झाल्या. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला चुकल्यासारखं झालं. सवय लागली होती.

एचआरचे साहेब दोन दिवसांनी माझ्या रूममध्ये आले. दारातच उभे राहिले. "सिस्टर, मी खरंच काळजीनं विचारलं होतं."

"मला माहितेय. म्हणून राग नाही धरला. पण ते तुम्हाला ठाऊक असायलाच नको होतं."

"नवीन फॉर्म मराठीत करायचा आहे. मला एकट्याला जमणार नाही."

मग आम्ही दोघांनी दोन दुपारी बसून तो केला. ते इंग्रजी वाक्य वाचायचे, मी विचारायचे, हे भाकरीवाल्या मावशींना कसं सांगाल? ते खोडायचे, पुन्हा लिहायचे. 'संमती' या शब्दावर आम्ही बराच वेळ अडलो, आणि शेवटी लिहिलं, 'मला विचारलं गेलं आणि मी हो म्हटलं. मी कधीही नाही म्हणू शकतो किंवा शकते.' अख्खा फॉर्म एका पानात बसला. तो कँटीनमध्ये नेऊन मावशींना वाचून दाखवला. त्यांनी हात पुसत ऐकला.

"म्हंजे मी किती भाकरी थापल्या ते सांगायचं, पर कवा रडले ते नाय सांगायचं. असंच ना?"

"असंच," साहेब म्हणाले.

"मग द्या, अंगठा देते. न्हाय, थांबा, सही येती मला." त्यांनी सावकाश सही केली.

काहींनी पट्टे परत दिले, काहींनी घरी बायकोला किंवा मुलाला दिले, बरेच जण अजून घालतात. पॅकिंगमधली ती थायरॉईडची बाई मात्र स्वतः येऊन म्हणाली, "सिस्टर, माझे ठोके तुम्हाला दिसू द्या. महिन्याला मी फोन आणून दाखवत जाईन." आणि ती आणते.

फोर्कलिफ्टवाल्या भाऊंचं काय करायचं हा प्रश्न उरला होताच. माहिती पुसली म्हणून त्याची झोप काही पुरी झाली नव्हती. मी त्याला पुन्हा बोलावलं आणि सरळ सांगितलं, "भाऊ, मी कुणाला काही बोलले नाही आणि बोलणार नाही. पण रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात तुम्ही सकाळी गाडीवर बसता, याची मला भीती वाटते. तुम्हाला नाही वाटत?"

तो विचार करून म्हणाला, "वाटती कधी कधी. येताना बिडकीनच्या रस्त्याला डोळा लागतो."

"मग?"

"मी सांगतो सुपरवायझरला. माझं मीच सांगतो. त्या हप्त्यात दुसरी शिफ्ट मागतो. राती पानी दिलं की दुपारपत्तर झोपता येतंय."

"नाही म्हणाले तर?"

"बघू की. मागून तर बघतो."

सुपरवायझर स्वतः पिशोरच्या शेतकरी घरातला. त्याच्या भावाच्या शेतात तीच लाईट. त्यानं एका वाक्यात शिफ्ट बदलून दिली आणि वर म्हणाला, "आधी का नाय बोललास?" हे मला भाऊंनीच येऊन सांगितलं. त्या वर्षीच्या मोसंबीची एक पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. फळं लहान होती, पण रस भरपूर.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी एका बाई डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी तपासलं, औषध दिलं, काही खाण्यापिण्याचं सांगितलं. दोन-तीन महिन्यांत रात्री बऱ्याच शांत झाल्या. पण एक गोष्ट मनात राहिली होती. कारखान्यात माझ्या वयाच्या तीसेक बायका आहेत. इतक्या वर्षांत बंद दाराआड त्यांनी मला किती काय सांगितलं, पण हे मात्र एकीनंही सांगितलं नव्हतं. आणि मीही नर्स असून कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून मी एचआरच्या साहेबांना एक दुपार मागितली. फक्त बायका, शिफ्ट बदलायच्या वेळी, कँटीनमध्ये. विषय काय, असं त्यांनी विचारलं. बायकांचा आहे, मी म्हणाले. त्यांनी पुढं विचारलं नाही. चहाचं सांगून ठेवलं आणि स्वतः दार ओढून घेऊन बाहेर गेले.

बायका बसल्या. मी तक्ते वगैरे काही आणलं नव्हतं. उभी राहिले आणि माझंच सांगितलं. दीड वर्ष कसं गेलं, घाम कसा यायचा, विनाकारण रडू कसं यायचं, पंख्याखाली बसून मी काय काय विचार करायचे.  याच कँटीनमध्ये माझी झोप दुसऱ्यानं सांगितली तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं होतं. आज तेच मी आपण होऊन तीस जणींना सांगत होते आणि उलट जीव मोकळा होत होता.

माझं झालं. मग मागून भाकरीवाल्या मावशी म्हणाल्या, "मला वाटलं मलाच व्हतंय. मी तर म्हनलं शेगडीची धग लागली."

सगळ्या हसल्या. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, तिच्या सासूला वाटतंय तिला कुणाची नजर लागली. दुसरी म्हणाली, तिचा नवरा म्हणतो तू चिडकी झालीस. रबराच्या कडा कापायच्या ट्रिमिंग विभागातली एक बाई, जी कधी कुणाशी बोलत नाही, ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारायला लागली की पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि मग एकदम फार जातं, ते बरोबर आहे का. मी तिला म्हणाले, हे डॉक्टरांना दाखवू, उद्याच. तिनं मान हलवली. चहा निवत चालला होता. बाहेर बसच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. एकजण दार किलकिलं करून म्हणाली, "दादा, दहा मिनिटं," आणि परत येऊन आपली खुर्ची पुढं ओढून बसली.